टाकीत उतरणाऱ्याला शिकवलं, तोंडाशी उभ्या राहणाऱ्याचं काय?

पिवळं_हेल्मेट

ईटीपीची (सांडपाणी प्रक्रियेची) टाकी, मळीची टाकी, रिअॅक्टर, गटाराचं चेंबर, बॉयलरचा ड्रम, सोसायटीची सेप्टिक टाकी. बंदिस्त जागेतल्या कामाचं प्रशिक्षण म्हटलं की सगळा भर उतरणाऱ्यावर असतो. त्याला हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे) घालायला शिकवतात, उतरण्याचा लेखी परवाना समजावतात, फोटो काढून हजेरीवर सह्या घेतात. वर तोंडाशी मात्र त्या दिवशी मोकळा असलेला कुणीही उभा करतात, बहुतेक वेळा कंत्राटदाराचा सगळ्यात नवा पोऱ्या.

आणि मरणाचा हिशोब नेमका तिथे उलटतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ च्या पुस्तिकेत लिहून ठेवलंय की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. अमेरिकेतल्याच डेलावेअर सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ५ नोव्हेंबर २००५ रोजी दोन कंत्राटी कामगार गेले. रिअॅक्टरमध्ये नायट्रोजन सोडलेला होता. तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार पहिला बहुधा आत पडलेलं चिकटपट्टीचं रीळ काढायच्या प्रयत्नात होता आणि दुसरा त्याला काढायला गेला. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. ऑक्सिजन फारच कमी असेल तर एकदोन श्वासांत शुद्ध जाते. वाकून बघायलाही वेळ उरत नाही.

आपल्याकडे कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३६ मध्ये हा वरचा माणूस पहिल्यापासून होता. एक तर सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला द्यायचा, नाही तर श्वसनसंच आणि पट्टा घालून उतरायचं आणि पट्ट्याच्या दोरीचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी नवी श्रमसंहिता लागू झाली म्हणून हे शहाणपण जुनं होत नाही.

माझ्या मते बाहेरच्या माणसाला एवढं पाठ पाहिजे. आत कोण कोण आहे, नावानिशी, आणि कितव्या मिनिटाला उतरलं. दर दोन-तीन मिनिटांनी हाक मारायची आणि उत्तर शब्दांत घ्यायचं, नुसती मान हलवलेली चालणार नाही. उत्तर असंबद्ध आलं, वायूचा मीटर वाजला, हवा मारणारा ब्लोअर बंद पडला, शेजारच्या पाइपलाइनला कुणी हात लावला, यातलं एक जरी झालं तरी विचारत न बसता "बाहेर या" म्हणायचं. माणूस पडला तर विंच (दोरी गुंडाळून माणूस वर खेचणारा रहाट) फिरवायची, हॉर्न द्यायचा, फोन करायचा, पण स्वतः आत डोकं घालायचं नाही. चहा आणायला जायचं नाही, पाना पोचवायला नाही, दुसऱ्या चेंबरवर 'जरा लक्ष ठेव' म्हटलं तरी नाही.

मीटर, हवा, सुटकेचं सामान आणि फुकट मिळणारं प्रशिक्षण साहित्य याबद्दल जाणकारांनी भर घालावी.

चौवायू

मीटरचं मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो.

नेहमीचा मीटर चार गोष्टी दाखवतो: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. वाचायचा क्रमही हाच. ऑक्सिजन आधी, कारण ज्वलनशील वायूचा तापत्या मण्याचा सेन्सर ऑक्सिजनवर चालतो आणि ऑक्सिजन खूप खाली गेला की तो खोटा, कमी आकडा देतो. स्वीकारायच्या मर्यादा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू किमान स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत (मिथेनसाठी हवेत ०.५ टक्के), हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (दहा लाखांत १० भाग) आत, कार्बन मोनॉक्साइड ३५ च्या आत.

आता जे कुठल्याच वर्गात सांगत नाहीत ते. ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ झाला तर लोक म्हणतात, "एकच टक्का, चालतंय." हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा. बाहेरच्या वायूने हवा ढकलली असेल तर ऑक्सिजन एक टक्का घटायला सुमारे पाच टक्के परका वायू आत यावा लागतो. पाच टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम. तो वायू कोणता हे माहीत नसताना १९.९ ला 'पास' लिहिणं म्हणजे डोळे मिटून सही. २०.९ नसेल तर का नाही याचं उत्तर आधी, उतरणं नंतर.

मोजायचं कुठे? तोंडाशी, मध्ये आणि तळाशी. मिथेन हलका, वर तरंगतो. हायड्रोजन सल्फाइड हवेहून थोडा जड, तळाशी बसतो. पंपाचा मीटर असेल तर नळीतून हवा यायला वेळ लागतो, दर मीटर लांबीला साधारण ३ ते ६ सेकंद, त्यावर सेन्सरचा स्वतःचा वेळ. १० मीटर नळी सोडली की दीड-दोन मिनिटं आकडा बघत उभं राहायचं. नळीचं टोक पाण्यात बुडालं तर पंप पाणी ओढतो आणि मीटर त्या दिवसापुरता गेला, म्हणून टोकाला पाणी अडवणारा फिल्टर लावा.

रोज वापरण्याआधी बंप टेस्ट, म्हणजे माहीत असलेला वायू दोन क्षण देऊन सेन्सर जागा आहे का आणि अलार्म वाजतो का ते पाहणं. कॅलिब्रेशनचा स्टिकर चिकटवलेला आहे याचा अर्थ सेन्सर आज जिवंत आहे असा होत नाही. चाचणीच्या वायूच्या बाटलीवरची मुदतही बघा, हायड्रोजन सल्फाइडचा वायू बाटलीत राहून राहून उतरतो. शून्य करायचं ते मोकळ्या हवेत. डिझेल जनरेटरशेजारी शून्य केलेला मीटर दिवसभर खोटं बोलेल. सिलिकॉनचे स्प्रे ज्वलनशील वायूचा सेन्सर मारतात. सॅनिटायझरच्या वाफेने किंवा बॅटरी चार्जिंगच्या हायड्रोजनने कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उगाच चढतो, तेव्हा 'मीटर बिघडलाय' म्हणून अलार्म बंद करू नका, कारण शोधा.

मळी_आणि_आसवनी

वरच्या प्रतिसादाला एक मोठी पुरवणी. चार वायूंचा मीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही.

मळीच्या टाक्या, आंबवणीचे व्हॅट, वाइनच्या टाक्या, धान्याचे सायलो इथे मारणारा मुख्य वायू तोच असतो. हिशोब करून बघा. ४ टक्के कार्बन डायऑक्साइड ही जिवाला तात्काळ धोक्याची पातळी मानतात. त्या वेळी ऑक्सिजन किती असेल? २०.९ गुणिले ०.९६, म्हणजे २०.०६. अलार्म १९.५ ला. मीटर शांत, माणूस मात्र धापा टाकतोय, डोकं ठणकतंय. कार्बन डायऑक्साइड नुसता हवा ढकलत नाही, तो स्वतः विषारी आहे.

म्हणून आमच्या क्षेत्रात त्या वायूचा वेगळा इन्फ्रारेड सेन्सर हवाच. आठ तासांची मर्यादा ५,००० पीपीएम. नगर, सोलापूरच्या आसवन्या असोत की नाशिककडच्या वाइनरी, भाड्याने चार वायूंचा मीटर आणून परवान्यावर आकडे भरणं हे अर्धंच काम.

लोखंडी बंद टाकीचंही लक्षात ठेवा. आत काहीच नव्हतं, नुसतं पाणी होतं, म्हणून लोक बेफिकीर असतात. ओलं लोखंड गंजताना ऑक्सिजन खातं. महिनोन्महिने झाकण बंद असलेली रिकामी टाकी सगळ्यात फसवी.

कंदील

इतके हजारो रुपयांचे मीटर खेड्यात कोण आणणार? विहिरीत उतरताना पूर्वापार कंदील सोडतात. विझला तर उतरायचं नाही. हे चुकीचं आहे का?

चौवायू

विझला तर उतरू नये, एवढा अर्धा भाग बरोबर आहे. विझला नाही तर उतरावं, हा अर्धा चूक.

ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनच्या आसपास विझते, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या खूप खाली. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड तिला कळतच नाहीत. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड माणूस पाडेल आणि कंदील मजेत जळत राहील. गाळात मिथेन असेल तर ज्योत हाच ठिणगीचा उगम.

इंजिन विहिरीत उतरवू नये, काठावर ठेवून धुराड्याचं तोंड असं लावावं की वारा धूर विहिरीपासून लांब नेईल. उतरण्याआधी ब्लोअरची पिशवी (हवा नेणारी लवचीक नळी) तळाजवळ सोडून हवा मारावी. फवारणीचा पंप किंवा फांद्या खाली-वर करणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं, पण त्याने तळ किती साफ झाला ते कुणालाच कळत नाही. चार-पाच गावांनी मिळून एक मीटर घेणं परवडतं.

फुंकर

हवेचं. एकच चूक सगळीकडे दिसते, एक्झॉस्ट फॅन तोंडावर ठेवून 'हवा ओढून घेतोय' म्हणणं. ओढणाऱ्या तोंडाचा जोर नळीच्या एका व्यासाएवढ्या अंतरात दहाव्या हिश्श्यावर येतो. फुंकणाऱ्या तोंडाचा जोर त्याच हिश्श्यावर यायला सुमारे तीस व्यास लागतात. तोंडावरच्या फॅनने तळाला काहीही होत नाही. पिशवी तळाच्या जवळ न्या आणि हवा आत मारा, घाण हवा तोंडातून आपोआप वर येईल. तोंडाशी उभा असलेला त्याच झोतात सापडणार नाही, एवढं पाहा. आत वेल्डिंग असेल तर मात्र धूर उगमापाशीच ओढणारी वेगळी नळी हवी.

किती हवा? उदाहरण घेऊ. ३ × ३ × ३ मीटर टाकी, २७ घनमीटर. उतरण्याआधी निदान सात वेळा हवा बदलली पाहिजे, म्हणजे १८९ घनमीटर. ब्लोअरवर तासाला १,५०० लिहिलंय, पण दोन काटकोनी वळणं आणि सुरकुतलेली पिशवी धरून हातात १,००० पडतं असं समजा. १८९ भागिले १,००० म्हणजे सव्वाअकरा मिनिटं. पंधरा मिनिटं चालवा, मग पुन्हा मोजा. काम चालू असताना तासाला २० वेळा, म्हणजे ५४० घनमीटर, सतत.

ब्लोअरचं खेचणारं तोंड टँकरच्या धुराड्यापासून दूर ठेवा. ज्वलनशील वायूची शक्यता असेल तर ठिणगीरोधक ब्लोअर आणि अर्थिंग. सिलिंडरचा ऑक्सिजन आत सोडून 'हवा चांगली' करायची नाही, कधीच. २३.५ टक्क्यांच्या वर तेलकट कपडे आणि केस भडकन पेटतात. आत गॅस कटिंग चालू असेल तर जेवणाच्या सुट्टीत टॉर्च आणि होज बाहेर काढा, गळकी होज तासाभरात तेच करते.

कुलूपकिल्ली

व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे लाइन तोडणं नव्हे. व्हॉल्व्ह गळतो आणि शिफ्ट बदलली की कुणीतरी उघडतो. ब्लाइंड (पाइपच्या जोडात घालायची बंद चकती) टाका किंवा लाइनचा तुकडा काढून मोकळ्या टोकाला झाकण मारा. ढवळणीची मोटर असेल तर पॅनेलमध्ये आयसोलेटर (वीज तोडणारा खटका) पाडून उतरणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. मग बटण दाबून खरंच सुरू होत नाही ना ते बघायचं. ही शेवटची पायरी गाळतात आणि चुकीच्या फीडरला कुलूप लागलेलं असतं. आतला दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको, हेही कारखाना अधिनियमाच्या कलम ३६-अ मध्ये होतं.

पिवळं_हेल्मेट

गाळाबद्दल एक राहिलं. सेप्टिक टाकी किंवा ईटीपीत पहिलं माप स्वच्छ येतं, कारण हायड्रोजन सल्फाइड गाळात अडकलेला असतो. पाय पडला, फावडं मारलं की सुटतो. बाहेरून लांब बांबूने गाळ ढवळा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे परवान्यावर लिहा. मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर हवा, बाहेर टेबलावर नको.

'सडक्या अंड्याचा वास येतो, कळतंच' हा समज तर घातकच. १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं. ७०० च्या पुढे एकदोन श्वासांत कोसळतो.

दोरखंड

सुटकेच्या सामानात लोक महाग ते घेतात आणि जुळतं ते घेत नाहीत.

तिपाई, माणूस उचलण्यासाठी प्रमाणित विंच (माल चढवायची नव्हे) आणि पूर्ण अंगाचा हार्नेस. दोरी उतरण्याआधीच अडकवलेली हवी. बेशुद्ध माणसाला हुक लावायचा तर कुणीतरी आत जायला हवं आणि मग आपण पुन्हा त्याच ६० टक्क्यांत आलो. अमेरिकी नियमात दीड मीटरहून खोल उभ्या जागेसाठी यांत्रिक विंच सक्तीची आहे, कारण हाताने ८० किलोचं निपचित शरीर सरळ वर येत नाही. कमरपट्टा वापरू नका, माणूस दुमडून तोंडात अडकतो.

धूळ अडवणारा मास्क किंवा कॅनिस्टर (वायू गाळणारा डबा) ऑक्सिजन तयार करत नाही, तो फक्त गाळतो. कमी ऑक्सिजनमध्ये दोन्ही निरुपयोगी. पाठीवरचा हवेचा संच घेणार असाल तर आधी मॅनहोलचं तोंड मोजा, सिलिंडरसकट खांदे जातात का बघा. जात नसतील तर नळीने हवा देणारा संच आणि कमरेला सुटकेची छोटी बाटली. ६ लिटरच्या सिलिंडरात ३०० बारला १,८०० लिटर हवा असते. कागदावर मिनिटाला ४० लिटरने ४५ मिनिटं. माणूस ओढताना श्वास दुप्पट होतो, म्हणजे जेमतेम २२, त्यातून हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यानंतरचा साठा वजा करा.

आत ढवळणीची पाती, बॅफल (आतले आडपडदे), वळणं असतील तर दोरी अडकते. तिथे बाहेरून ओढण्याचा बेतच होत नाही, सज्ज पथक जागेवर लागतं. अग्निशमन दलाला कळवणं हा बेताचा भाग आहे, पण तोच बेत होऊ शकत नाही. मेंदूला हवा नाही मिळाली तर चारेक मिनिटांत इजा सुरू होते.

सोसायटी_सचिव

आमची टाकी तुंबली आहे. गाडीवाला म्हणतो पाइप पोचत नाही, माणूस उतरवावा लागेल. काय विचारावं?

पिवळं_हेल्मेट

काही विचारू नका, नाही म्हणा. हाताने मैलासफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम देणारी सोसायटीही त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. जास्त लांब होजची गाडी मागवा, घट्ट गाळात पाण्याचा जोरदार झोत मारून तो पातळ करून घ्या. सफाईसाठी १४४२० ही हेल्पलाइन आहे, नाहीतर थेट पालिकेच्या मलनिःसारण विभागाकडे जा. झाकण उघडल्यावर मुलं आणि बिडी दोन्ही लांब.

आखाती_शिफ्ट

फुकट साहित्याबद्दल. ब्रिटनच्या एचएसई या कामगार सुरक्षा यंत्रणेची बंदिस्त जागांची छोटी पुस्तिका (आयएनडीजी २५८) आणि सविस्तर एल १०१ दोन्ही उतरवून घेता येतात. नायॉशचं खिशातलं रसायन मार्गदर्शक बऱ्याच वायूंची धोक्याची पातळी देतं. कॅनडात हॅमिल्टनच्या सीसीओएचएस या कामगार सुरक्षा केंद्राची प्रश्नोत्तरं सोप्या भाषेत आहेत. अमेरिकी रासायनिक सुरक्षा मंडळाचे अपघातांचे अॅनिमेशन व्हिडिओ आवाज बंद करून मराठीत निवेदन देत दाखवा, वर्ग जागा राहतो. आपल्याकडे मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आणि नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषद अभ्यासक्रम घेतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित कामाची जागा हा मूलभूत हक्क ठरवला, करार १५५ आणि १८७. व्यवस्थापनाशी बोलताना हे कामाला येतं.

प्रमाणपत्रांबद्दल सावध. आखातात येणारी पोरं 'ओशा १० तास'चं कार्ड दाखवतात. ते प्रमाणपत्र नाही असं ओशा, म्हणजे अमेरिकेची कामगार सुरक्षा यंत्रणाच, सांगते. नेबॉश हे ब्रिटिश सुरक्षा-प्रमाणपत्र चांगलं, पण ती व्यवस्थापनाची परीक्षा आहे, तिने विंच फिरवता येत नाही. तेलक्षेत्रावर हायड्रोजन सल्फाइडचं प्रात्यक्षिक आणि श्वसनसंच घालून पाहणं, हेच गेटवर मागतात.

मधली_सुट्टी

भाषा. एका टाकीवर उडिया, भोजपुरी आणि मराठी बोलणारे तिघे. मराठीतली पत्रकं वाटून काय होणार? शब्द तीनच ठरवा, सगळ्यांना तेच: "उतर", "थांब", "बाहेर". हॉर्नची भाषाही ठरवा, एक लांब म्हणजे बाहेर. आत ब्लोअरचा आवाज इतका असतो की हाक ऐकू येत नाही, म्हणून दोरीचे झटकेही: एक म्हणजे ठीक, चार म्हणजे ओढा. आपल्या कारखान्यात कुठला संच आहे ते बोर्डावर चित्राने लावा, कारण दुसऱ्या कारखान्यात उलटा असू शकतो.

दोरखंड

पटलं. याला सराव जोडा. ८० किलोची वाळूची पोती हार्नेसमध्ये बांधून आत सोडा आणि बाहेरच्या माणसाला काहीच न सांगता आतून उत्तर देणं बंद करा. घड्याळ लावा. तीन आकडे लिहा: किती सेकंदांनी त्याला कळलं, किती सेकंदांनी विंच फिरली, पोतं किती मिनिटांत तोंडाबाहेर आलं. चार मिनिटांच्या वर गेलं तर सामान किंवा जागा बदला, माणसाला ओरडू नका. आणि चौथं बघा, पहिल्या दहा सेकंदांत त्याचा पाय शिडीकडे वळला का. बहुतेकांचा वळतो. ज्याचा वळला त्याच्याकडून त्याच आठवड्यात पुन्हा सराव घ्या.

पिवळं_हेल्मेट

पोतं ठेवतो. शिडीवर साखळी आणि कुलूप लावायचाही विचार आहे, किल्ली परवाना देणाऱ्याकडे. पण आतल्याला शुद्धीत असताना पटकन बाहेर यायचं असेल तर?

कुलूपकिल्ली

कुलूप नको. तोंडावर आडवी पिवळी साखळी, हुकाची. आतून एका हाताने सुटते, बाहेरून जाणाऱ्याला मात्र वाकून काढावी लागते. तेवढ्यात मागचा कुणीतरी ओरडतो.